एका तपाची बेंटले

१८ जून १९२७ची रात्र. फ्रान्समधल्या ल मां शहराबाहेरच्या सडकांवर चोवीस तासांची मोटारशर्यत सुरू होती. दुपारी चारला सुटलेल्या गाड्यांनी नुकतेच दिवे लावले होते. ‘व्हाइट हाउस’ नावाच्या शेतघरापाशी रस्ता अरुंद होऊन वळतो. तिथे एका फ्रेंच श्नायडर गाडीला अपघात झाला. मागून भरधाव आलेल्या बेंटलेचा चालक कॅलिंगहॅम तिला चुकवायला गेला आणि स्वतःच रस्त्यात आडवा झाला. पाठोपाठ ड्युलरची बेंटले त्या ढिगाऱ्यावर आदळली. त्यानंतर काही क्षणांतच बेंटलेचीच तिसरी गाडी त्याच वळणावर आली. चालक होता सॅमी डेव्हिस, पेशाने मोटार-पत्रकार.

डेव्हिसला वळणाआधी रस्त्यावर माती आणि लाकडाच्या ढलप्या विखुरलेल्या दिसल्या. मागच्या फेरीला त्या तिथे नव्हत्या. एवढ्यावरून त्याने धोका ओळखला, ब्रेक दाबले आणि गाडी आडवी घसरू दिली. तरी धडक बसायची ती बसलीच. उजवा मडगार्ड चेपला, एक दिवा फुटला, पुढचा आस वाकला. शर्यतीचा नियम असा की दुरुस्ती करायची ती चालकानेच, तीही गाडीतच ठेवलेल्या हत्यारांनी. डेव्हिस गाडी हळूहळू पिटपर्यंत घेऊन आला. जे बांधता येईल ते बांधले, जे ठोकून सरळ करता येईल ते केले. पुढची पाळी त्याचा जोडीदार डडली बेंजाफील्ड याची. तो लंडनमधला जीवाणूशास्त्राचा डॉक्टर. एका धड दिव्याच्या आणि वाकड्या आसाच्या त्या तीन लिटर बेंटलेने रात्र काढली. आघाडीवरची एरीस ही फ्रेंच गाडी अखेरच्या टप्प्यात बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बेंटले जिंकली. दुसऱ्या क्रमांकाची गाडी तिच्यापेक्षा सुमारे वीस फेऱ्या मागे होती. पुढे लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विजयाची मेजवानी झाली, तेव्हा ही ठेचकाळलेली गाडी त्याच अवस्थेत आत आणून पाहुण्यांसमोर उभी केली गेली.

दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडमध्ये श्रीमंतांसाठी वेगवान मोटारी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या होत्या. लगोंडा, इनव्हिक्टा, अल्व्हिस, सनबीम ही त्यांतली ठळक नावे. पण या साऱ्या गाड्यांचा स्वभाव एका नावात पाहायचा तर ते नाव बेंटलेचेच घ्यावे लागेल. मूळची स्वतंत्र बेंटले कंपनी १९१९ ते १९३१ इतकीच टिकली. या एका तपात तिच्या कारखान्यातून तीन हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. आज एखाद्या कारखान्यातून एवढ्या गाड्या काही दिवसांत निघतात.

आगगाडीच्या कारखान्यातला उमेदवार

या गाडीची जडणघडण समजायला तिच्या कर्त्याचे शिक्षण पाहावे लागते. वॉल्टर ओवेन बेंटले यांचा जन्म १८८८चा, लंडनमधल्या सुखवस्तू घरात, नऊ भावंडांतले ते शेंडेफळ. पुढे सारे जग त्यांना ‘डब्ल्यू. ओ.’ म्हणू लागले. मोटारींच्या आधी त्यांचे मन रमले ते वाफेच्या इंजिनांत. डॉनकास्टर इथल्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात त्यांनी पाच वर्षे उमेदवारी केली. ओतशाळा, लेथ, जुळणी असे सगळे विभाग पालथे घातले आणि धावत्या इंजिनावर कोळसाही टाकला. शेकडो मैल न थांबता ओझे ओढायचे, वाटेत मोडायचे नाही आणि मोडलेच तर गावातल्या कारागिराला दुरुस्त करता आले पाहिजे, हा रेल्वेचा धडा त्यांनी मोटारीत उतरवला.

धाराशिव जिल्ह्याला हा धडा अनोळखी नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज रेल्वे इंजिनिअरने उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि पुढे येडशीवरून लातूरपर्यंत गेली. अडीच फुटांचा तो अरुंद मार्ग. वजन सगळ्या आसांवर सारखे वाटायचे, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळही पुरतात, हे कॅलथ्रॉपचे गणित. काळ्या मातीच्या मुलखात कमी खर्चात टिकणारी गाडी त्याने चालवून दाखवली. कॅलथ्रॉप काय आणि बेंटले काय, दोघेही रेल्वेच्या कारखान्यात घडलेले. यंत्राची किंमत ते किती अंतर बिनतक्रार कापते यावर ठरवणारी ही माणसे होती.

१९१२ साली डब्ल्यू. ओ. आणि त्यांचे बंधू डीएफपी या फ्रेंच गाड्यांची एजन्सी चालवू लागले. त्या कारखान्याच्या भेटीत टेबलावर ठेवलेले अॅल्युमिनियमचे एक पेपरवेट त्यांच्या नजरेस पडले. इंजिनाचे पिस्टन त्या काळी ओतीव लोखंडाचे असत. पिस्टन हलका असेल तर इंजिन जास्त फेरे घेईल, आणि अॅल्युमिनियम उष्णताही चटकन बाहेर टाकते. बेंटले यांनी तांब्याचे थोडे मिश्रण करून अॅल्युमिनियमचे पिस्टन बनवून घेतले आणि आपल्या डीएफपीत बसवले. गाडी पळू लागली. पहिले महायुद्ध पेटल्यावर हीच युक्ती त्यांनी विमानांच्या इंजिनांसाठी ब्रिटिश नौदलापुढे मांडली. त्यांनी रचलेली ‘बीआर’ फिरती इंजिने सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानांत बसली. या कामाबद्दल युद्धानंतर सरकारने त्यांना ८,००० पौंड दिले.

पुढे बेंटले मोटर्सची नोंदणी झाली. बेकर स्ट्रीटजवळच्या न्यू स्ट्रीट म्यूज या बोळातल्या एका माळ्यावर पहिले इंजिन जुळवले गेले आणि ऑक्टोबर १९१९मध्ये ते सुरू झाले. गिऱ्हाइकाला पहिली गाडी मिळायला मात्र सप्टेंबर १९२१ उजाडला. तोवर लंडनच्या उत्तरेला क्रिकलवूड इथे कारखाना उभा राहिला होता.

बॉनेटखाली

बेंटलेच्या तीन लिटर गाडीचे बॉनेट उघडले की समोर दिसते ते उभट, उंच इंजिन. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनचा पल्ला १४९ मिलिमीटर. पल्ला व्यासाच्या जवळजवळ दुप्पट असल्याने हे इंजिन कमी फेऱ्यांतही जोरात ओढते. चढावर गिअर न बदलता सावकाश, दमदार चढत जाण्याचा बेंटलेचा जो लौकिक, त्याचे मूळ या मापात आहे.

प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि ते हलवणारा कॅमशाफ्ट थेट डोक्यावर. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, त्यांना वीज पुरवणारे दोन वेगवेगळे मॅग्नेटो. एक मॅग्नेटो रुसला तरी दुसऱ्यावर गाडी घरी येते. दोन ठिकाणी ठिणगी पडल्याने पेट्रोलही लवकर आणि नीट जळते. १९२१ साली रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत हे सगळे एकत्र मिळणे ही मोठी गोष्ट होती. आज सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह साध्या कौटुंबिक मोटारीतही असतात. एका सिलिंडरला दोन प्लग ही कल्पना तर बजाजने २००३ साली पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात आणली आणि ती आपल्याकडच्या गल्लीबोळांत पोहोचली.

बेंटलेच्या या इंजिनात ब्लॉक आणि हेड वेगळे नसत, दोन्ही एकसंध ओतलेले. त्यामुळे हेड गॅस्केट उडण्याची भीतीच नाही. याची दुसरी बाजूही आहे. व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करायचे तर हेड खोलून भागत नाही, अख्खा ब्लॉक वर उचलावा लागतो. हे काम निगुतीने करणारा मिस्त्री मिळणे त्या काळीही सोपे नव्हते, आता तर फार अवघड.

ही गाडी चालवायला बसणाऱ्याला आधी पायांची सवय मोडावी लागते. अॅक्सिलरेटर मधोमध, क्लच आणि ब्रेक यांच्यामध्ये. गिअरचा दांडा आणि हँडब्रेक चालकाच्या उजव्या हाताला. स्टिअरिंगच्या मधोमध बारीक दांड्या, एकीने ठिणगीची वेळ पुढे-मागे करायची. गिअर सरळ टाकायला गेले की दाते करकरतात. डबल क्लच मारायचा, न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे जुळवायचे, मगच गिअर लोण्यासारखा पडतो. जुन्या लाल एसटीचे किंवा नाकाच्या ट्रकचे स्टिअरिंग धरलेल्या चालकाला हे कौशल्य वेगळे शिकवावे लागणार नाही. दाते जुळल्याचा अंदाज त्याला आवाजावरूनच येतो.

कारखाना तयार करी ती फक्त चेसिस : सांगाडा, इंजिन, चाके, रेडिएटर. त्यावर पाच वर्षांची हमी. बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घ्यायची. शर्यतीच्या गाड्यांची हलकी उघडी बॉडी बहुधा व्हान्डन प्लास बांधे. आणखी एक पद्धत वेमनची. लाकडी सांगाडा, त्याचे सांधे एकमेकांना न घासतील असे जोडलेले, आणि वरून पत्र्याऐवजी चामड्यासारखे कापड ताणलेले. वजन कमी आणि खडखडाट जवळजवळ नाही.

पैसा, वेग आणि वाद

१९२४ साली जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट यांनी बेंटलेला ल मांचा पहिला विजय मिळवून दिला. त्यानंतर १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग चार वर्षे ही शर्यत बेंटलेचीच. १९२९ साली तर पहिले चारही क्रमांक बेंटलेने घेतले. १९२८चा विजय काठावरचा होता. बार्नाटो आणि रुबिन यांच्या गाडीचा सांगाडा तडकला, रेडिएटरचे पाणी गेले, तरी शेवटची फेरी पुरी झाली.

वूल्फ बार्नाटो हा दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेल्या बार्नी बार्नाटोचा मुलगा. १९२६ साली कंपनी डबघाईला आली तेव्हा त्याने पैसा ओतला आणि अध्यक्ष झाला. तो नुसता सावकार नव्हता. ल मांला तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. मार्च १९३० मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कान इथे त्याने पैज लावली : कॅलेला जाणारी ‘ब्लू ट्रेन’ आगगाडी तिथे पोहोचण्याआधी आपण लंडनमधल्या आपल्या क्लबात असू. पैज १०० पौंडांची. स्पीड सिक्स बेंटले घेऊन तो निघाला, पाऊस-धुके झेलत फ्रान्स ओलांडला, बोटीने खाडी पार केली आणि आगगाडी कॅलेला पोहोचण्याच्या चार मिनिटे आधी क्लबात हजर झाला. पुढे अनेक वर्षे चित्रांत आणि पुस्तकांत या पैजेबरोबर गर्नी नटिंगने बांधलेली, मागे उतरत्या छपराची काळी देखणी कूपे दाखवली गेली. कागदपत्रे तपासल्यावर कळले की ती कूपे तयार झाली मे १९३० मध्ये. पैजेच्या रात्री धावली ती एच. जे. म्युलिनरने बांधलेली चौकोनी सलून.

वेग कसा वाढवायचा, यावर कंपनीत मोठा वाद होता. डब्ल्यू. ओ. म्हणत, इंजिन मोठे करा, ताण कमी ठेवा. तीन लिटरवरून साडेचार, साडेसहा आणि अखेरीस आठ लिटर ही त्यांची वाट. शर्यतपटू टिम बर्किनला मात्र हवा दाबून भरणारा सुपरचार्जर हवा होता. डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीच्या पैशावर त्याने साडेचार लिटर गाडीला अॅम्हर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर बसवला. रेडिएटरच्या पुढे, सांगाड्याच्या दोन टोकांमध्ये, क्रँकशाफ्टच्या नाकावर फिरणारा तो गोळा म्हणजे जगप्रसिद्ध ‘ब्लोअर’. शर्यतीच्या नियमासाठी अशा पन्नास गाड्या विकायला काढाव्या लागल्या. १९३० साली पो इथे झालेल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये ब्लोअरने दुसरा क्रमांक पटकावून सगळ्यांना थक्क केले. ल मां मात्र तिला एकदाही जिंकता आली नाही. ती जिंकली डब्ल्यू. ओ. यांच्या साध्या, मोठ्या इंजिनाने. एकच स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’, १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे पहिली आली. टिकाऊपणाच्या कसोटीवर डब्ल्यू. ओ. बरोबर होते.

हिशेबाच्या कसोटीवर मात्र कंपनी टिकली नाही. न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळून वर्ष झाले आणि ऑक्टोबर १९३० मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनात आठ लिटर बेंटले मांडली गेली. ७,९८३ सीसी, सहा सिलिंडर, भारदस्त बंद बॉडीसह ताशी शंभर मैलांच्या वर. नुसत्या चेसिसची किंमत १,८५० पौंड. त्या वेळच्या एक शिलिंग सहा पेन्सला एक रुपया या दराने ती होते सुमारे पावणेपंचवीस हजार रुपये, आणि बॉडीचे पैसे वेगळे. अशा जेमतेम शंभर गाड्या बनल्या. जुलै १९३१ मध्ये कंपनीवर रिसीव्हर बसला.

नेपिअर कंपनी बेंटले विकत घेणार हे जवळजवळ ठरले होते. ऐन वेळी ‘ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट’ या अपरिचित नावाने वरचढ बोली आली आणि सुमारे सव्वा लाख पौंडांत कंपनी हातची गेली. पडद्याआड कोण आहे हे डब्ल्यू. ओ. यांनाही मागाहून कळले : रोल्स-रॉईस. आठ लिटर बेंटले त्यांच्या फँटमला स्पर्धा ठरली होती. नव्या मालकांनी तिचे उत्पादन थांबवले. १९३३ पासून डर्बीच्या कारखान्यात रोल्स-रॉईसच्या इंजिनावर नवी साडेतीन लिटर बेंटले बनू लागली. ‘निःशब्द स्पोर्ट्स कार’ अशी तिची जाहिरात केली जाई. गाडी उत्तम होती, पण तिच्या रचनेत डब्ल्यू. ओ. यांना फारसा हात घालू दिला गेला नाही. १९३५ साली ते लगोंडाकडे गेले. तिथे त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेली बारा सिलिंडरची लगोंडा १९३९ च्या ल मांला तिसरी आणि चौथी आली. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

होळकरांची केशरी-काळी गाडी

बार्नाटोची ती काळी कूपे बांधणारी गर्नी नटिंग ही लंडनच्या चेल्सीमधली पेढी. वेगाचे विक्रम करणाऱ्या माल्कम कॅम्पबेलच्या ‘ब्लू बर्ड’ची बॉडी तिनेच घडवली होती. मराठी माणसाचा या कारागिरीशी थेट संबंध येतो तो इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यामुळे.

परंडा-भूमच्या शिवेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातले चौंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव. त्या ज्या घराण्यात सून म्हणून गेल्या, त्याच होळकरांच्या गादीवर यशवंतराव १९२६ साली आले. इंग्लंडमध्ये शिकलेले हे तरुण महाराज आधुनिक कलेचे मोठे जाणकार. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग महाल बांधून घेतला. फर्निचरपासून दिव्यांपर्यंत सारे नव्या धाटणीचे. मोटारींतही त्यांची निवड तशीच चोखंदळ होती. १९३६ साली त्यांनी अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर लावलेली एसजे चेसिस मागवली आणि बॉडीसाठी ती गर्नी नटिंगकडे लंडनला पाठवली. भल्या लांब चेसिसवर फक्त दोघांपुरती उघडी बैठक, वाहत्या रेषेचे मडगार्ड आणि केशरी-काळा रंग. यंत्र अमेरिकन, कारागिरी इंग्रजी, पसंती मराठी संस्थानिकाची. बेंटलेच्या काळात चेल्सीच्या कारागिरांनी कमावलेला हात या गाडीत पुरेपूर दिसतो. जगातल्या मोजक्या देखण्या उघड्या गाड्यांमध्ये जाणकार तिची गणना करतात.

मराठी मुलखात मोटारीची परीक्षा घेण्याची परंपरा त्याहूनही जुनी. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी विश्वासार्हतेची मोटारचाचणी झाली. घाटरस्ते, धूळ, पुलाविना ओढे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट त्यात उतरली, सहा घाट ओलांडत ६२० मैल धावली आणि जिंकली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांमध्ये रोल्स-रॉईसचा बोलबाला वाढवण्यात या चाचणीचा वाटा मोठा. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन बनावटीची मेबॅक आजही दसऱ्याच्या शाही सोहळ्यात रस्त्यावर येते आणि तिला पाहायला लोक ताटकळत उभे राहतात.

निझामाची मोटार आणि नळदुर्गची सडक

बेंटलेच्या काळात धाराशिव हैदराबाद संस्थानात होते. मीर उस्मान अली खान या सातव्या निझामाच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये जिल्ह्यालाही धाराशिव हे नाव अधिकृतपणे परत मिळाले. या निझामाच्या गॅरेजमधली सर्वांत गाजलेली गाडी म्हणजे १९१२ ची पिवळी रोल्स-रॉईस. तिची मागणी त्याच्या वडिलांनी, सहाव्या निझामाने नोंदवली होती. गाडी तयार होण्याआधीच, १९११ साली, ते वारले. लंडनच्या बार्करने तिच्या मागच्या भागात सिंहासनासारखी उंच बैठक बांधली. समारंभापुरतीच ती बाहेर निघे, त्यामुळे इतक्या वर्षांत फारच थोडे मैल चालली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती पाहायला मिळते.

ल मांची बेंटले आणि निझामाची रोल्स यांतला फरक इथेच कळतो. एकीची किंमत अंतर कापण्यात, दुसरीची मिरवण्यात. दोन्ही गाड्या एकाच देशातल्या, एकाच तोडीच्या कारागिरांनी घडवलेल्या.

सोलापूरहून हैदराबादला जाणारी सडक धाराशिव जिल्ह्यातून जाते : नळदुर्ग, उमरगा आणि पुढे हुमनाबाद. मोटार येण्याच्या पुष्कळ आधी, १८५०च्या दशकात, नळदुर्गला कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरने या भागात रस्त्यांची कामे हाती घेतली होती. याच सडकेने १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय लष्कर संस्थानात शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला म्हणून रणगाडे आणि ट्रक अडले नाहीत.

सामान्य माणसाची मोटार मात्र वेगळ्याच ब्रिटिश कारखान्यातून आली. जून १९३२ मध्ये निझाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. बस अल्बियन कंपनीच्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या. बेंटलेवर रिसीव्हर बसला त्याला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. श्रीमंतांची चैनीची गाडी मंदीत बुडाली, आणि त्याच मंदीत लोकांना नेणाऱ्या गाडीने हैदराबाद संस्थानात पाय रोवला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इथल्या गावोगावी एसटी पोहोचली.

नोंद असेल तर गाडी

क्रिकलवूडच्या सुमारे तीन हजार गाड्यांपैकी बऱ्याच आजही रस्त्यावर येण्याच्या स्थितीत आहेत, याचे एक कारण त्यांचा दणकटपणा. दुसरे तितकेच मोठे कारण म्हणजे नोंदी. १९३६ साली मालकांनी बेंटले ड्रायव्हर्स क्लब स्थापला. कारखान्याच्या सर्व्हिस नोंदी आज ऑक्सफर्डशायरमधल्या रॉक्स्टन गावी डब्ल्यू. ओ. बेंटले यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तूत जपल्या आहेत. रोल्स-रॉईस आणि डर्बीच्या बेंटले यांची चेसिस-कार्डे नॉर्थम्प्टनशायरच्या पॉलर्सपरी इथल्या हंट हाउसमध्ये आहेत. चेसिसचा क्रमांक हाती असला की गाडी कोणी मागवली, बॉडी कोणी बांधली, कोणत्या देशात जायची होती, हे सापडते. ब्लू ट्रेनच्या पैजेतली चूक दुरुस्त झाली तीही अशाच तारखा ताडून.

आपल्याकडे गाड्या आल्या, चालल्या, विकल्या गेल्या. कागद मात्र वाऱ्यावर गेले. इंजिन बिघडले की दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवायचे, बॉडी कापून मालवाहू करायची, पितळी भाग भंगारात घालायचे, हे गरजेपोटी सर्रास झाले. त्यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. सुटा भाग मिळत नसताना स्थानिक टर्नर आणि लोहारांनी पाटे, बुश, गिअरचे दाते हाताने घडवून त्या गाड्या चालत्या ठेवल्या. त्या मिस्त्रींची नावेही कुठे लिहून ठेवलेली नाहीत. ती लिहून ठेवण्याजोगी आहेत.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी किंवा रोजच्या वापरासाठी नाही.

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, परंडा, कळंब इथल्या जुन्या वाड्यांत, वकिलांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांत, बंद पडलेल्या गॅरेजांत जुन्या मोटारीचा काहीही माग असेल, तर तो जपावा. निझामकाळातला परवाना, उर्दू-मराठीतली पावती, आजोबांचा मडगार्डला टेकून काढलेला फोटो, गंजलेली चेसिस-पट्टी, मॅग्नेटोची पितळी टोपी, यांतले काहीही भंगारवाल्याला देण्याआधी त्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा आणि फोटो काढून ठेवावा. घरातल्या थोरांकडून गाडी कोणी आणली, कोण चालवत असे, दुरुस्ती कुठे होई, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. एक चेसिस-क्रमांक आणि चालकाचे नाव एवढे हाती आले, तरी मराठवाड्याच्या मोटार-इतिहासाचे पान लिहायला सुरुवात करता येईल.